वाचनालयाचा जीर्णोद्धार

माणसं ज्या जागेत सगळं विसरायला येतात, त्या जागेच्या आठवणी गोळा करण्याचं काम कुणी शत्रूवरही सोपवू नये. आमच्या परमिट रूमची डागडुजी निघाली तेव्हा ते माझ्यावर आलं. कारण एवढंच, की मी लिहितो. दादरला लिहिणाऱ्यांची वानवा नाही, पण रोज संध्याकाळी सातला त्याच खुर्चीत हमखास सापडणारा लिहिणारा बारमालक अण्णांच्या पाहण्यात मी एकटाच होतो.

परमिट रूमचं नाव इथे देत नाही. त्यात कायद्याची अडचण नाही, संसाराची आहे. आमच्या टेबलावर आम्ही चौघं. त्यातल्या तिघांनी घरी या जागेचं नाव ‘वाचनालय’ असं सांगून ठेवलेलं. बँकवाले ‘दिवाळी अंक चाळून येतो’ म्हणून निघायचे, ते गुढीपाडवा आला तरी चाळतच असायचे. बेस्टमधून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर घरी गेल्यावर अधूनमधून एखाद्या कादंबरीचं कथानकही ऐकवायचे. ते त्यांना मी पुरवायचो. एक नाइंटी त्यांच्याकडून, एक कथानक माझ्याकडून, असा आमचा सरळ व्यवहार. चौथे मास्तर. ते एकटे कधी खोटं बोलले नाहीत, पण ते अविवाहित आहेत.

इमारत मात्र नाव घेण्यासारखी आहे. दादर आणि माटुंग्याच्या मधल्या पट्ट्यात, कोपऱ्याच्या प्लॉटवर, १९३०च्या दशकात बांधलेली. कोपरा काटकोनात न वळवता गोल फिरवलेला, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे, गच्चीच्या कठड्यावर तीन आडव्या पट्ट्या, आणि भिंतीत बोटीला असतात तशा गोल खिडक्या. त्या काळच्या आर्किटेक्टांना आगबोटींचं विलक्षण वेड होतं. इमारत कुठेही असो, ती संध्याकाळच्या भरतीला निघणार आहे अशा बेताने बांधायची. आमच्या बारमध्ये अशी एक गोल खिडकी आहे. तिच्यात पुढच्या पिढीने एक्झॉस्ट फॅन बसवला. भोक गोल, पंखा गोल. मूळ आर्किटेक्टलासुद्धा त्या खिडकीचा इतका चपखल उपयोग सुचला नव्हता.

या शैलीला आर्ट डेको म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. पॅरिसच्या १९२५च्या प्रदर्शनातून ती जगभर गेली. मुंबईत बॅकबेला भराव घालून नवी जमीन तयार झाली आणि लोकांना आरसीसीची चटक लागली, या दोन गोष्टी एकाच सुमाराच्या. मग ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ वगैरे गॉथिक वडीलधारी मंडळी, आणि पश्चिमेला त्यांच्यासमोर पाय पसरून बसलेली ही गुळगुळीत, गोलाकार, पिस्ता-बदामी रंगांची पोरं. मरीन ड्राइव्हवर सूना महल १९३७चा. रीगल १९३३चं, इरॉस १९३८चं, लिबर्टी १९४९चं. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या या वस्तीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पुढे दादरपर्यंत यायला युनेस्कोला लोकल मिळाली नसावी. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, सगळीकडे याच घराण्याच्या इमारती उभ्या आहेत, पण त्यांच्या छज्ज्यांवर आजही लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवलेल्या असतात. थोरल्या भावाला पद्मश्री मिळावी आणि आपणही तेच गाणं गात होतो हे धाकट्याला कुणी सांगूही नये, तशातली गत.

बारच्या दृष्टीने मात्र ही शैली मुंबईत भलत्याच मुहूर्तावर आली. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली आणि तिथे चकचकीत डेको बारचं पीक आलं. आपल्याकडे त्याच दशकात इमारती अशा उभ्या राहिल्या की आत पाऊल टाकताच काहीतरी मागवावंसं वाटावं, आणि १ ऑगस्ट १९३९ला नेमकी मुंबईत दारूबंदी लागू झाली. ती पुढे बारगळली. पण मग स्वातंत्र्य आलं, मोरारजीभाई आले, १९४९चा कायदा आला आणि १९५०पासून ती चांगलीच बसली. त्यामुळे आमच्या जागेत पहिली चाळीसेक वर्षं इराणी होता. संगमरवरी टेबलं, गोल पाठीच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, चहा आणि बन-मस्का. पुढे बंदी सैल झाली, परवान्यांची पद्धत रुळली, सत्तरच्या दशकात इराण्याने जागा अण्णांच्या वडिलांना दिली आणि ‘परमिट रूम’ असं बाहेर लागलं. हे परमिट कशाचं, असं मॅडमनी (त्या पुढे येतील) विचारलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. कायद्याने महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपयांत, विदेशीसाठी पाच रुपयांत. आरोग्याची इतकी स्वस्त योजना सरकारने दुसरी काढलेली नाही. मास्तरांकडे तर आजन्म परवाना आहे. तो त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवलाय. आधार कार्ड कुठे आहे ते त्यांना सांगता येत नाही.

जीर्णोद्धाराची पहिली सूचना आली ती छताकडून. एका पावसाळी संध्याकाळी मूळ स्लॅबचा एक ढलपा सुटला, खालचं पीओपीचं फॉल्स सीलिंग फोडून आला आणि बँकवाल्यांच्या ग्लासात पडला.

“अण्णा, छत पडतंय.”

“थोडंच पडलं, सर. ग्लास बदलून देतो.”

“आणि ग्लासातली?”

“ती गाळून देतो.”

दादरच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की अंगावरचं काँक्रीट ढकलून देते. ही माहितीही मॅडमनीच दिली. तोवर आम्ही सगळा दोष वरच्या मजल्यावरच्या आजींच्या मसाला कुटण्याला देत होतो, आणि अण्णा दर दोन वर्षांनी पडलेल्या जागी पीओपीचं एक फूल चिकटवत होते. त्यामुळे छतावर फुलांची बाग झाली होती आणि ती डिझाइन आहे अशी सगळ्यांची समजूत होती.

अण्णांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. आजवर काउंटरमागे तो नाइलाजाने उभा राहायचा. ढलपा पडल्यावर तो एक दिवस मोबाइल नाचवत आमच्या टेबलाशी आला. “अंकल, आपण हेरिटेज आहोत!” इन्स्पेक्टरांना वाटलं तो आमच्याबद्दल बोलतोय. ते सुखावले. मग त्याने कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आणली. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात टेप, हातात टॉर्च. आम्ही तिला मॅडम म्हणू लागलो आणि ती आम्हाला काका. तिने फ्रेश लाइम सोडा मागवला, तोही बिनसाखरेचा. आमच्या बारमध्ये संध्याकाळी साडेसातला पूर्ण शुद्धीत असलेलं माणूस बघायची कुणाला सवय नव्हती. सगळ्यांनी पाय खाली घेतले.

मॅडमनी आल्या आल्या एक छापील फॉर्म वाटला. ‘जुन्या ग्राहकांच्या आठवणी’. भिंतींचा मूळ रंग? फरशीची नक्षी? छताला काही काम होतं का? दिवे कसे होते? गोळा करून मराठीत नीट मांडायचं काम माझं. आम्ही चौघं त्या जागेत जितका वेळ बसलो आहोत तितका वेळ आमच्यातलं कुणी ऑफिसातही बसलेलं नाही. मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम.

“रंग हिरवा,” इन्स्पेक्टर म्हणाले.

“बदामी,” बँकवाले म्हणाले.

“भिंत कुठे होती?” मास्तरांनी विचारलं.

फरशीबद्दल तर कुणाला मतच नव्हतं. छताबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की ते वर होतं. दिव्यांबद्दल बँकवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं की पूर्वी दिवे दुप्पट असायचे. मग थोड्या वेळाने तेच म्हणाले, “म्हणजे दहानंतर.” याच माणसांना १९८३च्या फायनलला कोण कुठे बसलं होतं, कुणाचं बिल कुणी दिलं आणि कुणाचं अजून यायचं आहे, हे पैशापर्यंत पाठ आहे. बोंबलाची प्लेट किती रुपयांना होती यावर दीड तास चर्चा झाली आणि तिचा तक्ताही तयार झाला. मॅडमनी तो अदबीने घेतला आणि फाइलच्या अगदी शेवटी लावला.

“मग जुने फोटो द्या,” त्या म्हणाल्या.

हे ऐकून आख्ख्या सेक्शनमध्ये हशा पिकला. परमिट रूममध्ये फोटो म्हणजे आठवण नव्हे, पुरावा. आमच्या तारुण्यात कॅमेरा असायचा एका रोलचा, तो धुवायला जायचा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत, आणि तिथून प्रिंट आणायला जायची बायको. वाचनालयाचे फोटो कोण काढणार? मोबाइल आल्यावर काही निघाले. ते सगळे मागवून मॅडमना दाखवले. एकात ग्लास, एकात बोंबील, एकात बँकवाल्यांचा अर्धा कान आणि त्यामागे भिंतीचा टिकलीएवढा तुकडा. मॅडमनी तो कान बाजूला सारून तुकडा मोठा केला. भिंत मरून होती. तो रंग गेल्या दिवाळीतला.

तेव्हा त्यांनी भिंतीलाच विचारायचं ठरवलं. बारीक सुरी घेऊन त्या कोपऱ्यात बसल्या आणि बोटभर रुंदीची पट्टी एकेका थराने खरवडू लागल्या. वर मरून ऑइल पेंट. त्याखाली क्रीम डिस्टेंपर. त्याखाली पिस्ता. इन्स्पेक्टर उठून उभे राहिले. “बघा, हिरवा!” त्यांनी लगेच एक राउंड जाहीर केली. पण सुरी थांबली नाही. पिस्त्याखाली झगझगीत गुलाबी निघाला. हा अण्णांच्या वडिलांनी मुलीच्या लग्नात मंडपवाल्याकडच्या उरलेल्या रंगातून दिलेला, असं थोरल्या वेटरने सांगितलं. गुलाबीखाली निळा, निळ्याखाली चुना, आणि सगळ्यांत तळाला फिकट पिवळा, त्यावर कमरेच्या उंचीवरून गेलेल्या तीन तपकिरी आडव्या रेघा. बाहेर गच्चीच्या कठड्यावर आहेत त्याच. बँकवाले म्हणाले, फिकट पिवळा म्हणजेच बदामी. इन्स्पेक्टर म्हणाले, अजिबात नाही. हा वाद अजून कोर्टात गेलेला नाही इतकंच.

फॉल्स सीलिंग उतरवलं तो दिवस मात्र बघण्यासारखा होता. बार बंद होता, तरी आम्ही चौघं नेहमीच्या वेळी हजर होतो. पीओपीच्या फळ्या निघाल्या तशी खाली पडली धूळ, झुरळांच्या पिढ्या, बाटल्यांची बुचं, वायरींची भेंडोळी, एक फाटकी छत्री आणि एलआयसीच्या हप्त्याची पावती. (पावती बँकवाल्यांची निघाली. छताच्या वर ती कशी गेली, हे त्यांनी विचार करून उद्या सांगतो असं म्हटलं.) धूळ खाली बसल्यावर मॅडमनी टॉर्च वर धरला. मूळ छत तीन पायऱ्यांनी वर चढत गेलेलं होतं, प्रत्येक पायरीची कड गोल, आणि मधोमध चुन्यात उठवलेला मोठा सूर्य. त्याचे किरण सरळ रेषेत भिंतीपर्यंत गेलेले. दोन किरण पंख्याच्या हुकासाठी फोडलेले, एक गंजलेल्या सळईने उखडलेला. बाकी सगळं जागच्या जागी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, “हे वर होतं, आणि आपण इतकी वर्षं खाली बघत होतो.”

“खाली पैसे दिले होते,” इन्स्पेक्टर म्हणाले.

फरशीची कथा उलटी. तिथे वरून कार्पेट, कार्पेटखाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, टाइल्सखाली सिमेंटचा थर, आणि त्याखाली काय आहे ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते थोरल्या वेटरला. त्याला आजवर कुणी फॉर्मच दिला नव्हता. तो कोवळ्या वयात उडुपीकडून आला तो याच जागेत, आणि पहिली काही वर्षं त्याचं काम फरशी पुसण्याचंच होतं. त्याने पायाने दाखवलं. “इथून काळी बॉर्डर, मॅडम. कोपऱ्यात पंखा, म्हणजे हातपंखा असतो तसा. मधे हिरवी, ठिपक्या-ठिपक्याची. त्या खांबाजवळ एक तडा. त्यात पाणी राहायचं, म्हणून मालक ओरडायचे.” मॅडमनी खांबाजवळच फोडायला लावलं. काळी बॉर्डर निघाली. हिरवा टेराझो निघाला. तडाही निघाला. आख्ख्या बारमध्ये एकच माणूस शुद्धीवर होता आणि त्याच्याकडून आम्ही नुसता सोडा मागवत आलो होतो.

आता वाटेल की काम सुरू झालं. मुंबईत काम असं सुरू होत नाही. इमारत १९४०च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या हिशेबात उपकरप्राप्त, ‘अ’ वर्गातली. जागा पागडीची. मालक एक, भाडेकरू अनेक, आणि अण्णा भाडं भरतात ते इतकं की तेवढ्या रकमेत त्यांच्याच हॉटेलात मसाला पापड येत नाही. मालकाला दुरुस्तीत रस नाही, कारण दुरुस्ती झाली की इमारत पडत नाही. वरच्या भाडेकरूंना टॉवर हवा. त्यांची मीटिंग गच्चीवर भरली. एक गृहस्थ म्हणाले, “खाली गुत्त्याच्या छताला सूर्य काढतायत, आणि आमच्या मोरीची गळती तीन वर्षं तशीच.” यात खोटं काहीच नव्हतं. गळती होती ती बरोबर त्या सूर्याच्या डोक्यावर. शेवटी अण्णांनी स्वतःच्या खर्चाने मोरी दुरुस्त करून दिली, तेव्हा कुठे वरून ना-हरकत मिळाली. मला तर वाटतं, मुंबईत जो काही वारसा शिल्लक आहे तो वरच्या मजल्यावरची मोरी गळत नसल्यामुळे आहे.

मग पाटी. मूळ पाटी इमारतीच्या गोल कोपऱ्यावर, सिमेंटमध्ये उठवलेल्या रोमन अक्षरांत. पण २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानावर मराठी पाटी सक्तीची. मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. शिवाय जिथे दारू मिळते तिथे थोर व्यक्तीचं किंवा गडकिल्ल्याचं नाव चालत नाही. आमच्या नावात एक बाई आहेत. बहुधा मूळ इराण्याची मावशी. त्या थोर होत्या की नव्हत्या, यावर मुलाने वकिलाचा सल्ला घेतला. त्या थोर नसल्याचं लेखी मिळालं.

अक्षरं कशी काढायची हा प्रश्न उरला. मुलाने कॉम्प्युटरवरून आणलेली मराठी अक्षरं लग्नपत्रिकेतली वाटत होती. तेव्हा एका म्हाताऱ्या पेंटरला बोलावलं. सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, छज्ज्यांच्या आडव्या रेघांकडे बघत दोन विड्या ओढल्या, आणि म्हणाले, “शिरोरेषा तर यांनी आधीच मारून ठेवलीय. आपण खाली अक्षरं टांगायची.” आणि त्यांनी तसंच केलं. छज्ज्याची रेघ पाटीवरून जाते आणि अक्षरं तिला लोंबकळतात, गोल वळणांची, जाड-बारीक दांड्यांची. मॅडमनी पेंटरचे पाय धरायचे बाकी ठेवले. माझं मत विचाराल तर हा सगळा आर्ट डेको देवनागरीची वाट बघतच उभा होता. रोमनमध्ये बिचाऱ्याला वरची रेघ वेगळी काढावी लागत होती.

या सगळ्यात वाचनालयाचं बिंग फुटलं. कुठल्याशा पुरवणीत छताच्या सूर्याची बातमी आली. वर फोटो, फोटोत सूर्य, आणि सूर्याखाली आ वासून वर बघणारे आम्ही चौघं. आजवर चेहरा दिसेल असा एकही फोटो निघू दिला नव्हता तो असा निघाला, तोही रंगीत आणि चार कॉलमी. इन्स्पेक्टर दोन दिवस फोन उचलत नव्हते. बँकवाल्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र फोन करत बसल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सीने थेट आल्या.

“हेच का तुमचं वाचनालय?”

“अगं, म्हणजे वरच्या मजल्यावर...” बँकवाले म्हणाले.

“राहू दे. वाचनालयातून आलेल्या माणसाच्या तोंडाला बडीशेपेचा इतका वास येत नाही. मला पहिल्या महिन्यात कळलं होतं.”

आम्ही सगळे जिन्याकडे सरकू लागलो. पण वहिनींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या नुकत्याच मोकळ्या झालेल्या फरशीकडे बघत होत्या. मग त्या काळ्या बॉर्डरवरून एकेक पाऊल टाकत कोपऱ्यापर्यंत गेल्या, लहान मुली पट्टीवरून चालतात तशा, आणि खांबाजवळ थांबल्या.

“इथे फॅमिली केबिन होती. हिरव्या काचेची. बाबा आम्हाला रविवारी आणायचे. मला रासबेरी, दादाला आइस्क्रीम सोडा. आणि दाराला दोन पितळी मुठी होत्या, अर्ध्या-अर्ध्या सूर्याच्या. दार मिटलं की सूर्य पुरा व्हायचा. मी दहादा उघडमीट करायची, इराणी ओरडायचा.”

मॅडमच्या हातातली पेन्सिल थांबली होती. “काकू, फोटो नसेल ना?”

“आहे की. कपाटात वरच्या खणात. यांच्या बँकेच्या कागदांखाली.”

सहा महिने आम्ही तीन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत फोटो शोधत होतो, आणि तो बँकवाल्यांच्या कपाटात होता. कातरलेल्या कडांचा, हाताच्या पंजाएवढा. पायरीवर आठेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, रिबिनी, एक मोजा घसरलेला. मागे दार, दारावर तो मिटलेला सूर्य, आणि काचेतून आतल्या दिव्यांची गोल झुंबरं. मॅडमनी तो भिंगाखाली धरून दिव्यांच्या वळ्या मोजल्या. बँकवाले पुन्हा पुन्हा फोटो हातात घेत होते. “हिने कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही वाचनालयात होतात ना.”

आता सगळं झालंय. सळया घासून, मसाला भरून स्लॅब पक्की झाली. भिंती पिवळ्या (इन्स्पेक्टर म्हणतात पिवळ्या, बँकवाले म्हणतात बदामी), रेघा तपकिरी, फरशी हिरवी, तो तडा मॅडमनी मुद्दाम तसाच ठेवलाय. एक्झॉस्ट फॅन निघाला आणि गोल खिडकीतून समोरच्या लाँड्रीतले शर्ट दिसू लागले. थोरल्या वेटरला बो-टाय दिला, तो त्याने एक संध्याकाळ बांधला आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या गळ्यात अडकवला.

उद्घाटनाला मुलाने दिवे लावले आणि आम्ही आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना नीट पाहिलं. फार वाईट झालं. इन्स्पेक्टर एवढे म्हातारे आहेत याची मला कल्पना नव्हती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटतंय. मेन्यूत बोंबील आहेत, पण त्यांना इंग्रजी नाव आणि पुदिन्याचं पान मिळालंय, आणि किंमत बघून आमच्या तक्त्याला परिशिष्ट जोडावं लागलं. नव्या पोरापोरींची रांग लागते. ती सगळी आल्या आल्या वर बघतात, फोटो काढतात आणि घरी पाठवतात. घरी! आमच्या डोळ्यांसमोर! वहिनी महिन्यातून एकदा येतात आणि खांबाजवळ बसून रासबेरी घेतात. त्या दिवशी बँकवाले फ्रेश लाइम सोडा पितात, बिनसाखरेचा. आमच्यासाठी अण्णांनी मागच्या बाजूला एक टेबल आणि एक चाळीसचा बल्ब राखून ठेवलाय, मुलाला न सांगता.

एकच गोष्ट राहिलीय. दाराची डावी मूठ एका कपाटामागे सापडली, ती घासून जागेवर बसवली आहे. उजवी ऐंशीच्या दशकात कुणीतरी उचलून नेली. मॅडम म्हणतात नवी ओतून घेता येईल, पण ती नवी दिसेल. तेव्हा दादर-माटुंगा भागातल्या वाचकांना विनंती आहे. पितळेची, वीतभर उंचीची, अर्ध्या सूर्याची, वर-खाली स्क्रूची दोन-दोन भोकं असलेली मूठ तुमच्या घरी कपाटाला, देवघराला किंवा गच्चीच्या दाराला लावलेली असेल, तर कृपया काढून आणून द्यावी. काउंटरवर ठेवायची आणि निघायचं. नाव विचारलं जाणार नाही, घरी कळवलं जाणार नाही. थांबायचं असल्यास पहिली नाइंटी अण्णांकडून. दोन ऑक्टोबरला मात्र येऊ नये, बंद असतं.